टाकून दिलेले दहा सेकंद

"येताना तुमच्या बाजूला लाईट होती का रे?"

अभिरामने मान हलवली. ती होकाराची होती की नकाराची, हे त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

त्याने सॅक खाली ठेवली, निळ्या फाइलीतला अहवाल काढला आणि बाईंच्या अगदी हाताशी ठेवला.

"सही हवी होती, बाई."

प्रमिलाबाई आजरेकर तेव्हा तार सोलत होत्या. लॅबला लागणाऱ्या जोडतारा बाजारातून तयार मागवाव्यात, असं कॉलेजने त्यांना अनेकदा सुचवलं होतं. पण बाई त्या स्वतःच्या हातांनी करत. आतल्या आठ बारीक रंगीत तारा बोटांनी सरळ करायच्या, ठरल्या क्रमाने लावायच्या, टोकं एका रेषेत कापायची आणि चिमट्याने दाबून बसवायची. वय बाहत्तर. त्यांनी केलेली एकही तार आजवर परत आली नव्हती, आणि त्यांचं काम बघत उभ्या राहणाऱ्या पोरांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळत नसे.

एकोणिसाव्या वर्षी त्या डोंगरातल्या एका गावी टेलिफोन ऑपरेटर म्हणून लागल्या होत्या. कानाला यंत्र, समोर भोकाभोकांची फळी, हातात दोऱ्या. कोणाचा आवाज कोणत्या गावी पोचवायचा ते त्यांनी ठरवायचं. नोकरी करता करता शिकल्या, इंजिनियर झाल्या, आणि मग कोल्हापूरच्या ह्या कॉलेजात तीस वर्षं शिकवलं. निवृत्त झाल्या तरी आठवड्यातून तीन दिवस लॅबमध्ये येऊन बसत. अशी बाई लाभली हे कॉलेजचं भाग्य, आणि कॉलेजला ते ठाऊक होतं ही त्याहून मोठी गोष्ट.

एक खोड मात्र होती. दारातून कोणीही आत आलं की बाई आधी लाईटचं विचारत. शिपाई असो की प्राचार्य. पोरं पाठीमागे त्यांच्या आवाजात एकमेकांना तेच विचारत आणि खिदळत. ह्या नकलेत अभिराम सगळ्यांत पटाईत होता.

अभिराम कोरगावकर हुशार होता, आणि ते त्याला दुसऱ्या कोणी सांगावं लागत नसे. पीएच.डी.चं तिसरं वर्ष चालू होतं. तिन्ही वर्षं तो बाईंच्या हाताखाली होता आणि तिन्ही वर्षं त्याला वाटत होतं, की बाई थोर खऱ्याच, पण आपला काळ आता पुढे गेलाय.

आत्ता समोर ठेवलेला अहवाल हे त्याचं आजवरचं सगळ्यांत मोठं काम.

एका धर्मादाय संस्थेची सहा इस्पितळं होती. एक शहरात, पाच डोंगरात. सहाही ठिकाणचे संगणक नव्या पद्धतीने जोडायचे ठरले होते. संगणकांच्या तारा ज्या डब्यांत येऊन मिळतात, ते डबे जुन्या पद्धतीत आपापल्या अकलेने चालतात. आलेला निरोप कुठे धाडायचा ते प्रत्येक डबा स्वतःच ठरवतो. नव्या पद्धतीत डब्यांची अक्कल काढून घेतात आणि सगळी एका जागी ठेवतात. तिला म्हणायचं कंट्रोलर. अनोळखी निरोप आला की डबा कंट्रोलरला विचारतो, ह्याचं काय करू? कंट्रोलर सांगेल तसं तो करतो. कंट्रोलर गप्प, तर डबाही गप्प.

असे कंट्रोलर जगात पुष्कळ आहेत. आमच्यासाठी कोणता, ते पारखून द्या, असं संस्थेने कॉलेजला सांगितलं होतं. अभिरामने तीन निवडले. त्यांच्या यंत्रांना लावलेल्या चिकटपट्टीच्या रंगावरून लॅबमध्ये त्यांना तांबडा, निळा आणि पिवळा म्हणत. चाळीस डब्यांनी एकदम प्रश्न विचारायचे आणि कोण सेकंदाला किती उत्तरं देतो ते मोजायचं, अशी ही परीक्षा होती.

तांबड्याने बाकी दोघांना पार मागे टाकलं होतं.

आणि तांबडा अभिरामचा होता. मूळ प्रोग्रॅम सगळ्या जगाला मोफत खुला, पण दोन वर्षं खपून त्याच्या आतलं निम्मंअधिक काम अभिरामने नव्याने लिहिलं होतं. संस्थेने तांबडा घेतला, की ते सहा इस्पितळांत उभं राहणार, प्रबंध त्यावर उभा राहणार, आणि बंगळुरूच्या परिषदेत तो जो निबंध वाचणार होता त्याला वजन येणार. आपलंच पोर स्पर्धेत आणि परीक्षकही आपणच, हे त्याला खटकलं नव्हतं. मोजमाप यंत्राने केलं होतं ना.

संस्थेची बैठक पंधरा दिवसांवर आली होती. बाईंच्या सहीशिवाय ते लोक अहवाल उघडणारसुद्धा नव्हते.

बाईंनी चिमटा बाजूला ठेवला, हात पुसले आणि पानं उलटली. एका आलेखाशी त्या थांबल्या.

"एक फेरी केवढी?"

"एक मिनिटाची, बाई. प्रत्येकाच्या शंभर."

"साठ सेकंद."

"हो."

बाईंनी आलेखाच्या डाव्या कडेवर बोट ठेवलं. रेघ दहाच्या आकड्यापासून निघत होती.

"हे आधीचे दहा?"

"ते टाकले."

"कुठे टाकलेस?"

अभिरामला हसू आलं. मग त्याने धाकट्या बहिणीला समजवावं तसं समजावून सांगितलं. सुरू झाल्या झाल्या प्रोग्रॅम जागेवर आलेला नसतो. तेव्हाचे आकडे धरले तर सरासरी बिघडते. म्हणून जगभर सगळे पहिले काही सेकंद सोडून देतात आणि मग मोजतात. हे सगळं सांगून झाल्यावर त्याने हुकमाचं पान काढलं.

"तुमच्याच नोट्समध्ये आहे, बाई. पान बारा."

"आहे," बाई म्हणाल्या. "मीच लिहिलंय."

"मग?"

बाईंनी अहवाल मिटला आणि त्याच्याकडे सरकवला.

"ते दहा घेऊन ये."

अभिराम धुसफुसत बाहेर पडला. कॅन्टीनमध्ये मित्रांपाशी त्याने बाईंचं वय काढलं, आणि काढल्यावर त्याचं त्यालाच बरं वाटलं नाही. शिवाय घेऊन ये म्हणजे आणायचं कुठून? ते सेकंद त्याने कुठे साठवलेच नव्हते. मोजणारा प्रोग्रॅम दहा सेकंद डोळे मिटून बसायचा आणि मग मोजायला लागायचा. त्याने तो बदलला आणि तीनशे फेऱ्या पहिल्यापासून घेतल्या. प्रत्येक फेरीला कंट्रोलर बंद करायचा, चालू करायचा, आणि चालू केल्या क्षणापासून मोजायचं.

आकडे आले तेव्हा त्याने ते पुन्हा पहिल्यापासून वाचले.

चौथ्या दिवशी तो परत बाईंकडे आला.

"लाईट होती का रे येताना?"

"हो हो," म्हणत त्याने कागद टेबलावर पसरले.

सगळ्यांत मंद म्हणून ज्याला त्याने शेवटच्या पानावर टाकलं होतं, तो पिवळा पहिल्याच सेकंदाला उत्तरं देऊ लागला होता. थोडीच, अडखळत, पण देऊ लागला होता. निळा चौथ्या सेकंदाला. तांबडा पुरते दहा सेकंद गप्प बसला होता. अकराव्याला तो बोलला, आणि मग असा बोलला, की बाकी दोघांचा आवाजही ऐकू येऊ नये.

पहिले दहा टाकायची रीत, आणि तांबडा गप्प बसायचा तोही नेमका तेवढाच. म्हणून आधीच्या शंभर फेऱ्यांत त्याचं मौन एकदाही कोणाला दिसलं नव्हतं.

"ह्याला कारण आहे, बाई," अभिराम घाईने म्हणाला. "तो आधी सगळ्या डब्यांची ओळख करून घेतो. मनात नकाशा बांधतो. म्हणून तर पुढे इतका पळतो."

"सुरेख बांधतो."

त्यांना ते खरंच आवडलं होतं. त्या भागाचा कागद त्यांनी वेगळा काढला आणि दोनदा वाचला. अभिरामला धीर आला.

"आणि हे दहा सेकंद येणार कधी? वर्षातून एकदा. एकदा चालू केला की तो बंद कशाला होतोय."

"कुठे?"

"कुठे म्हणजे?"

"आपल्या लॅबमध्ये नाही होत," बाई म्हणाल्या. "खरं आहे तुझं."

लॅबला बॅटऱ्या होत्या, वर गच्चीत जनरेटर होता. इथल्या दिव्यांना बाहेरची खबर नसे. पण अभिरामही कच्चा गडी नव्हता. त्याने संस्थेचे कागद काढले. डोंगरातले रस्ते खणले की शहराकडे येणारी तार तुटते, म्हणून प्रत्येक इस्पितळात स्वतंत्र कंट्रोलर बसणार होता, डब्यांच्याच कपाटात. आणि पान अकरावर स्पष्ट लिहिलं होतं, की प्रत्येक कपाटाला बॅटरी आहे. वीज गेली तरी कपाट जागंच राहणार.

बाईंनी पान अकरा शांतपणे, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"आंबेखोल बघितलंयस?"

आंबेखोल हे सहांतलं सगळ्यांत लहान इस्पितळ. घाटमाथ्यावरचं. त्याने ते फक्त यादीत बघितलं होतं.

"नाही, बाई."

"एक दिवस जाऊन बस तिथं. सकाळी जा, संध्याकाळी ये. लॅपटॉप नेऊ नकोस."

"मग मोजू कशानं?"

"मोजू नकोस."

"मग तिथं जाऊन करू काय?"

बाईंनी नवी तार घेतली, टोक सोललं, आठ रंग बोटांवर पसरले… तो सॅक उचलून निघाला.

आंबेखोलचं इस्पितळ म्हणजे एक कौलारू बैठी इमारत, वीस खाटा, एक डॉक्टर आणि बारदेस्कर सिस्टर. डॉक्टर आठवड्याचे चार दिवस, सिस्टर सातही. चंदगडकडच्या होत्या, पन्नाशीच्या, आवाज चढवायची पाळी कधी न येणाऱ्या. अभिराम कशाला आलाय हे त्यांनी विचारलं नाही. आजरेकरबाईंनी पाठवलंय म्हटल्यावर नोंदणीच्या टेबलामागे त्याला एक स्टूल दिलं आणि त्या आपल्या कामाला लागल्या.

कपाट मागच्या भिंतीला होतं. त्याने उघडून बघितलं. जुने डबे होते, बॅटरीची जागा होती. बॅटरी नव्हती.

ती कुठे गेली, असं त्याने जरा अधिकाऱ्याच्या सुरात विचारलं. सिस्टर त्याला आतल्या खोलीत घेऊन गेल्या. काविळीचं एक तीन दिवसांचं बाळ डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्याखाली झोपलं होतं. दिव्याची वायर पाळण्याच्या खाली उतरली होती, आणि तिथे पान अकरावरची बॅटरी होती.

"परत तिकडं न्यायची काय?" सिस्टरनी विचारलं.

त्या खरंच विचारत होत्या. अभिरामने बाळाकडे बघितलं आणि नको म्हणाला.

सव्वादहाला पहिल्यांदा लाईट गेली. कोणी मानसुद्धा वर केली नाही. टेबलांवरचे संगणक आपल्याच पोटातल्या बॅटरीवर जागे राहिले, कपाट तेवढं झोपलं. मिनिटभराने मागे जनरेटर धडधडला, पंखे फिरले, कपाटातले डबे एकेक करून उठले. वीस मिनिटांनी खरी लाईट आली. तेव्हा जनरेटर बंद केला, आणि त्या बदलाबदलीत सगळं पुन्हा एकदा बंद पडलं आणि पुन्हा उठलं. म्हणजे लाईट एकदा जायची आणि कपाट दोनदा जन्माला यायचं. मोजू नकोस म्हणून बजावलेलं असतानाही अभिरामची बोटं मोजत होती. जेवणाची सुट्टी होईतो आठ जन्म झाले.

त्याहून वेगळीच एक गोष्ट त्याला दिसायला लागली, आणि ती दिसल्यावर त्याला स्टुलावर नीट बसवेना.

लाईट आली रे आली, की सगळे एकदम विचारत. नोंदणीचं टेबल, औषधांची खिडकी, रक्ततपासणी, बाळंतपणाची खोली, जो तो अडलेलं काम घेऊन त्याच क्षणी संगणकावर तुटून पडे. सगळ्या तासातली खरी गर्दी तेवढीच. पुढे मग सगळं संथ चाले. आणि त्या संथ वेळातल्या वेगासाठी अभिरामने तांबड्याला पहिलं बक्षीस दिलं होतं.

इतकी घाई कशाला, असं त्याने सिस्टरना विचारलं.

"पाच मोजायच्या आत आलं न्हाई की हे भाईर काढतंय," सिस्टर पडद्याकडे बोट करून म्हणाल्या. "मग परत नाव घाला, पासवर्ड घाला. पयल्यापास्नं सगळं."

दुपारी तीनला एका बाईमाणसाला जीपमधून आणलं. आठवा महिना, आणि रक्तस्राव थांबत नव्हता. डॉक्टर तसेच आत धावले. तिची आधीची सगळी नोंद शहरातल्या इस्पितळात होती, रक्तही तिथूनच यायचं होतं. सिस्टर टेबलाशी बसल्या, नाव लिहायला घेतलं, आणि लाईट गेली.

…

सिस्टर बसून राहिल्या. दोन्ही हात कीबोर्डवर तसेच. पेशंटचा नवरा भिंतीला टेकून उभा होता. मग जनरेटर धडधडला, डबे उठले. ते जुन्या पद्धतीचे, आपल्या अकलेचे डबे होते. त्यांना कोणाला विचारायचं नव्हतं. सिस्टरनी नाव घातलं आणि बटण दाबलं.

अभिरामचे ओठ हलू लागले. एक… दोन… तीन…

पडद्यावर नोंद आली. रक्तगट आला. सिस्टरनी मागणीचं बटण दाबलं.

चार… पाच… इथे तांबडा असता, तर आत्ता सिस्टर बाहेर फेकल्या गेल्या असत्या. सहा… सात… परत नाव. आठ… नऊ… परत पासवर्ड. दहा…

सिस्टर उठून आतसुद्धा गेल्या, तेव्हा अभिराम अकरापर्यंत पोचला होता.

रक्त साडेपाचला पोचलं. शेवटच्या एसटीला तो निघाला, तेव्हा सिस्टर बाहेर येऊन सांगून गेल्या, की ती वाचली, पोटातलं मूलही ठीक आहे. मग थोडं थांबून त्यांनी विचारलं, की बाई बऱ्या आहेत ना. बाई दर उन्हाळ्यात इथे येऊन चार दिवस राहतात आणि सगळ्या तारा तपासून जातात, हे अभिरामला तेव्हा पहिल्यांदा कळलं.

घाट उतरताना त्याचे डोळे भरून आले. शरम होती, ते तर झालंच. दोन वर्षं ज्याच्यावर जीव टाकला तो तांबडा आपण ह्या कपाटात बसवणार होतो, आणि तेही बाईंची सही घेऊन. पण नुसती शरम नव्हती. कीबोर्डवर हात ठेवून वाट बघणाऱ्या त्या सिस्टरचा चेहरा त्याच्या डोळ्यांपुढून हलत नव्हता. एवढ्या शांतपणे काम करणारं माणूस त्याने आजवर एकच बघितलं होतं, आणि ते लॅबमध्ये बसून तार सोलत असे.

बैठकीच्या आदल्या दिवशी तो बाईंच्या दारात उभा राहिला. दाढी वाढलेली, हातात नवा अहवाल.

बाईंनी वर बघितलं आणि हात पुढे केला. आज त्यांनी लाईटचं विचारलं नाही. अभिरामच्या ते ध्यानातही आलं नाही.

बाई वाचू लागल्या. पहिल्याच पानावर पहिले दहा सेकंद होते, तिघांचे, मोठ्या आलेखात. पुढे आंबेखोलचा दिवस होता. कपाटाची बॅटरी कागदावर असली तरी ती तिथे आहे असं धरून चालू नये, आणि तिथे नसेल तर ती कुठे आहे ते बघूनच बोलावं, असं त्याने लिहिलं होतं. शिफारस पिवळ्याची होती. तांबड्याचं नाव शेवटच्या पानावर होतं, आणि त्यापुढे एकच ओळ, 'ह्या इस्पितळांसाठी योग्य नाही.' खाली त्याने आणखी लिहिलं होतं, की तांबड्याचा बराचसा भाग माझा आहे, हे वाचणाऱ्याला ठाऊक असावं.

बंगळुरूचा निबंध त्याने परत मागवून घेतला होता. त्यातही ते दहा सेकंद नव्हते. तो मागवायला त्याला कोणी सांगितलं नव्हतं, आणि मागवल्याचं त्याने बाईंनाही सांगितलं नाही. बाईंना ते सकाळीच प्राचार्यांकडून कळलं होतं.

वाचायला तासभर लागला. तेवढ्या वेळात अभिरामचं लक्ष टेबलाच्या कोपऱ्याकडे गेलं. बाईंच्या जुन्या नोट्सचं बाड तिथे उघडं पडलं होतं. पान बारा. 'पहिले काही सेकंद मोजमापातून वगळावेत' ह्या वाक्याखाली बाईंनी ताज्या शाईने एक ओळ घातली होती, 'वगळण्यापूर्वी एकदा पाहावेत.' शेजारी तारीख होती, तो पहिल्यांदा सही मागायला आला त्या दिवसाची.

तीस वर्षं जे शिकवलं त्यात स्वतःची चूक दिसली, तेव्हा ह्या बाईने ती त्याच दिवशी दुरुस्त केली होती, कोणाला न सांगता. अभिरामला कॅन्टीनमधलं आपलं बोलणं आठवलं आणि त्याची मान खाली गेली.

बाईंनी पेन उघडलं. शेवटच्या पानावर सही केली, पूर्ण नावाची, सावकाश.

"तांबडा चांगलाच आहे रे," त्या म्हणाल्या. "त्याला आता लवकर उठायला शिकव."

"हो, बाई."

मग त्यांनी एक गोष्ट केली, जी लॅबमधल्या कोणी कधी बघितली नव्हती. शेजारचं स्टूल पुढे ओढलं, आणि आपला चिमटा त्याच्याकडे सरकवला. त्या चिमट्याला आजवर दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

अभिराम बसला. बाईंनी त्याला तार दिली. तो ती सोलू लागला, जरा घाबरतच. बाई बघत होत्या.

"बाई, एक विचारू?"

"विचार की."

"तीन वर्षं मी इथं येतोय." त्याला शब्द जुळवावे लागत होते. "तुम्हाला आंबेखोल ठाऊक होतं. तिथं काय होतं, सगळं ठाऊक होतं. तुम्ही मला एका शब्दानं जरी आधी सांगितलं असतंत…"

बाईंनी त्याच्या बोटांवरच्या आठ तारांतली एक चुकलेली तार हलकेच उचलून तिच्या जागी ठेवली.

"सांगत होते की रे," त्या म्हणाल्या. "दर वेळी तू आत आलास की… पहिल्या दहा सेकंदांत."